ठणका थांबल्यावर

रविवार, रात्री उशिरा

दाढेचा तुकडा पडला. काही कडक चावलं वगैरे नाही. नुसता वाचत बसलो होतो. खालच्या डाव्या दाढेला काही महिन्यांपासून एक धार आली आहे आणि जीभ दिवसातून शंभरदा तिथं जाऊन चाचपून येते. तशीच गेली आणि तोंडात खडा आला. तळहातावर घेऊन दिव्याखाली धरला. नखाच्या टोकाएवढा. एका अंगानं शिंपल्यासारखा गुळगुळीत, पांढरा. दुसऱ्या अंगानं तपकिरी, आणि नखानं दाबलं तर चक्क दबतोय, ओल्या चामड्यासारखा.

दातावरचं एनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, हाडाहूनही कठीण, हे शाळेत पाठ केलेलं. त्याला संवेदना नसते, हे मात्र शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे कीड त्यातून आत उतरते तेव्हा आपल्याला पत्ता लागत नाही. खालच्या थरापर्यंत, डेंटिनपर्यंत, पोचली की मग ती आडवी पसरते, आतलं सगळं भुसभुशीत करते आणि वरचं कवच तसंच उभं राहतं. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं. बोट लावेपर्यंत चौकट चौकटच दिसते.

तुकडा काडेपेटीत घालून ठेवला. कशाला, कोण जाणे.

९ वर्षं झाली. आत्ता बोटं मोजून काढली, आधी सहा-सात वाटत होती. ९ वर्षांत एकदाही दातांच्या डॉक्टरकडे गेलेलो नाही. समोरचे दात बरे आहेत, हसतो तेव्हा कुणाला शंका येत नाही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे म्हणतात, ते माझ्या बाबतीत जरा जास्तच खरं आहे.

लोकांना वाटतं, दातांचा डॉक्टर टाळणारा माणूस मशीनच्या आवाजाला घाबरतो. मीही तेच सांगत आलो. त्यात माणसाची अब्रू राहते, समोरचाही ‘हो हो, मलापण’ म्हणतो. खरी गोष्ट वेगळी आहे, आणि ती इथं लिहायला हरकत नाही.

९ वर्षांपूर्वी उजवी खालची दाढ ठणकायला लागली. दिवसा कसंबसं सोसवायचं, रात्री आडवं पडलं की सुरू. (आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि दाताच्या आतल्या बंदिस्त जागेत सुजलेल्या नसेला फुगायलाही वाव नसतो, म्हणून रात्रीच जास्त.) तीन रात्री खुर्चीत बसून काढल्या, गोळ्यांवर गोळ्या घेतल्या आणि गाल सुजल्यावर चौथ्या दिवशी गेलो. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ते धड लागलं नाही. आणखी एक दिलं. मशीन आत गेलं तेव्हा खुर्चीचे हात मी असे धरले होते की नंतर बोटं सरळ होईनात. पण त्यांनी नस काढली, औषध ठेवलं, वर तात्पुरतं सिमेंट भरलं आणि पुढच्या आठवड्याची तारीख दिली.

त्या रात्री गाढ झोपलो. दुसऱ्या दिवशी काहीच दुखेना. तिसऱ्या दिवशीही नाही. आणि तारखेच्या दिवशी मी गेलो नाही.

बस, इतकंच. त्या दिवशी काहीतरी काम होतं असं वाटलं. दवाखान्यातून दोनदा फोन आला, दोन्ही वेळा उचलला नाही. मग एवढ्या उशिरा काय तोंड घेऊन जायचं, असं झालं. (तोंड घेऊन जायचं! तेच तर घेऊन जायचं होतं.) पुढं कित्येक महिने त्या रस्त्यानं जाताना मी पलीकडच्या बाजूनं चालायचो. महिन्याभरात सिमेंटचा टवका उडाला, वर्षभरात दाढेची एक भिंत पडली, मग दुसरी. आता हिरडीच्या वर जेमतेम डोकावणारी दोन मुळं तेवढी आहेत. तिकडून चावायचं नाही, एवढा नियम केला आणि सगळं ओझं डाव्या बाजूवर टाकलं. तिचा तुकडा काडेपेटीत आहे.

उद्या फोन करणार. दुसऱ्या डॉक्टरांना. जुन्यांसमोर उभं राहायची छाती नाही.


मंगळवार

दार ढकलल्या ढकलल्या तो वास आला. तो लवंगेचा असतो हे मला बरंच उशिरा कळलं. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरतं सिमेंट करतात, त्याचा. माहिती असल्याचा काही फायदा झाला नाही, पोटात गोळा आलाच.

फॉर्म भरायला दिला. साखर आहे का, रक्तदाब आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, कशाची ॲलर्जी. शेवटी, ‘यापूर्वी दात कधी तपासले?’ मी लिहिलं, २ वर्षांपूर्वी. हात जरासुद्धा अडखळला नाही. अख्खी रविवार रात्र कबुलीजबाब लिहून काढल्यावर हे!

डॉक्टर माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान असतील. काडेपेटी उघडून दाखवली. त्यांनी एक नजर टाकली, म्हणाल्या, “ठेवा तुमच्याकडे. आ करा.” म्हणजे पुरावा दाखल करून घेतला नाही.

मग आरसा आणि आकडी घेऊन एकेक दात. बाजूला मदतनीस मुलगी लिहून घेत होती. “फोर-सिक्स, नुसती मुळं. थ्री-सिक्स, खोल कीड, भिंत तुटलेली.” हे आकडे मी रात्री शोधून काढले. तोंडाचे चार भाग: वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. मग मधून मागं मोजत जायचं. म्हणजे माझी गेलेली आणि जाऊ घातलेली, दोन्ही सहा नंबरच्या. ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते, तीही एकही दुधाचा दात न पाडता सगळ्यांच्या मागं गुपचूप. घरचे तिला दुधाचीच समजतात आणि सोडून देतात. तिच्या जागी पुन्हा काही यायचं नसतं.

हिरड्यांची मोजणी मात्र अंगावर आली. एक बारीक खुणांची सळई दात आणि हिरडीच्या फटीत अलगद सोडायची आणि किती मिलिमीटर आत गेली ते सांगायचं. “तीन, दोन, तीन. दोन, दोन, तीन.” इथवर ठीक. तीनपर्यंत निरोगी. मग मागं गेल्यावर, “पाच, पाच, सहा.” आवाज तोच, वेग तोच. निकाल ऐकणाऱ्याला असा वाचून दाखवू नये. रक्त येत होतं. मी म्हणालो, ब्रश करतानाही येतं, म्हणून मी तिथं ब्रश जरा हलकाच लावतो, कधी कधी लावतच नाही. त्या म्हणाल्या, “रक्त येतं तिथंच जास्त नीट लावायचा. घाण साचते म्हणून येतं. तुम्ही तिला मोकळं रान दिलंत.”

मग एक्स-रे. तो कडक चौकोन तोंडात धरताना जिभेखाली रुततो आणि उमासा येतो, पण एक क्षण, टिक् झालं की संपलं. रोंटगेनचा शोध बाहेर आल्यावर लगेच, १८९६ च्या जानेवारीत, ओटो वाल्कहॉफ नावाच्या जर्मन दंतवैद्यानं स्वतःच्याच दातांचा एक्स-रे काढला होता. काचेची पट्टी तोंडात धरून २५ मिनिटं पडून राहिला. मला एका क्षणाचं एवढं झालं.

फोटो पडद्यावर आला. त्यांनी उजवीकडची मुळं मोठी करून पाहिली.

“हिचं रूट कॅनॉल सुरू केलं होतं ना?”

मी गप्प. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. आतल्या वाटा रुंद केलेल्या दिसतायत, पण रिकाम्या. भरून झालं असतं तर पांढऱ्या रेघा उमटल्या असत्या. मुळांच्या टोकांशी दोन काळपट गोल होते, तिथलं हाड विरघळलेलं. ९ वर्षं तिथं काहीतरी चाललं होतं आणि मला त्याची खबर नव्हती, कारण खबर देणारी नस पहिल्याच सीटिंगला काढून टाकली होती. दुखायचं थांबलं म्हणून मी बरं झालं समजत होतो. दारावरचा राखणदार गेला होता, एवढंच.

“ठणका थांबला आणि पळालात,” त्या म्हणाल्या. रागावून नाही, नोंद केल्यासारखं. “पुष्कळ जण पळतात. कधीची गोष्ट?”

“९ वर्षं.”

त्यांनी फॉर्म ओढला, २ वर एक आडवी रेघ मारली, पुढं ९ लिहिलं आणि पुन्हा म्हणाल्या, “आ करा.” मी इतकी वर्षं ज्या बोलण्याला घाबरत होतो, ते सगळं मिळून एवढंच निघालं. जरा फसवल्यासारखंच वाटलं.

डाव्या दाढेची परीक्षा गारव्यानं. कापसाचा बोळा फवारून बर्फासारखा गार केला, आधी शेजारच्या चांगल्या दाताला लावला. झिणझिणलं, बोळा काढला की गेलं. मग तिला लावला. झिणझिणलं, बोळा काढला, आणि ते जाईना. त्या घड्याळाकडे बघत उभ्या. अर्धं मिनिट तरी कळ रेंगाळली. कळ येणं वाईट नाही, रेंगाळणं वाईट. नस आता सुधारायची नाही. म्हणजे हिचं रूट कॅनॉल, वर कॅप. उजवीकडची मुळं नंतर काढायची.

मी दबक्या आवाजात सांगितलं, “मला इंजेक्शन लागत नाही.” हे मी ९ वर्षं लोकांना रक्तगट सांगावा तसं सांगत आलोय. त्यांनी विचारलं, त्या वेळी गाल सुजला होता का? किती दिवसांनी गेला होतात? मग म्हणाल्या, सूज आणि पू असतो तिथं आम्ल वाढलेलं असतं. भूल देणारं औषध नसेच्या आत शिरावं लागतं, आणि आम्लात ते नीट शिरत नाही. “तुम्हाला लागत नाही असं नाही. तुम्ही उशिरा आलात म्हणून लागलं नाही.”

हे ऐकून मी खुर्चीत नुसता पडून राहिलो. म्हणजे उशीर केला म्हणून दुखलं, आणि दुखलं म्हणून पुढचा उशीर. आपलेच दात, आपलेच ओठ.

जाताजाता क्लिनिंगही झालं. खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला म्हणे सगळ्यांत जास्त कीटण साचतं, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथंच जिभेखाली उघडतात आणि लाळेतल्या खनिजांनी तो थर दगडासारखा होतो. ब्रशला तो दाद देत नाही. मशीनच्या टोकाखाली त्याचे कपचे निघताना कवटीत आवाज घुमत होता. चूळ भरली तर बेसिनमध्ये लालसर पाण्यात करड्या कपच्या. नंतर जीभ लावली तर दातांमध्ये फटी! क्लिनिंगनं दात हलतात म्हणतात ते हेच असणार, म्हणून दचकलो. पण फटी पहिल्यापासूनच्याच. मीच त्या बुजवून ठेवल्या होत्या.


शुक्रवार

पहिली सीटिंग झाली. लवकर लिहितो, अर्धा ओठ अजून बधिर आहे.

इंजेक्शन जबड्याच्या पार मागं दिलं. दोन मिनिटांत छाती धडधडायला लागली आणि मला वाटलं, संपलं. डॉक्टर म्हणाल्या, औषधात ॲड्रिनलिन असतं, औषध त्याच जागी टिकून राहावं म्हणून. ते थोडं रक्तात गेलं की धडधडतं, जाईल. गेलं. मग आधी ओठ जाड झाला, मग जिभेची डावी कड गायब. आणि लागलं. ९ वर्षांचा माझा ठाम दावा दहा मिनिटांत निकालात.

दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला, म्हणजे लाळ आत नको आणि औषधाचं पाणी घशात नको. मग केसासारख्या बारीक सुया. त्यांना जोडलेलं एक यंत्र, सुई मुळाच्या टोकाजवळ गेली की टिटिट् करतं. मी दिव्याकडे बघत ते टिटिट् ऐकत होतो. दुखलं तर डावा हात वर करा, सांगितलं होतं. हात पूर्ण वेळ तयार ठेवला होता, शाळेत उत्तर येणाऱ्या मुलासारखा. वर करायची वेळ आली नाही.

पुढच्या वेळी वाटा भरायच्या. गुट्टा-पर्चा नावाचा पदार्थ, झाडाच्या चिकापासून केलेला. १८५८ साली अटलांटिकच्या तळाशी टाकलेल्या तारेवर पाणी आत जाऊ नये म्हणून त्याचंच वेष्टण होतं. समुद्राला जे चाललं ते माझ्या दाढेला चालायला हरकत नाही.

आज मात्र आत औषध आणि वर तात्पुरतं सिमेंट. तोच लवंगेचा वास, आता माझ्याच तोंडातून. आणि गुरुवार संध्याकाळ साडेसहाची तारीख.


रविवार

शुक्रवारची बधिरता रात्रीच उतरली. काल चावताना थोडं ठणठणलं, आज तेही नाही. काहीच दुखत नाही. दोन्ही वेळा ब्रश, हिरडीकडं तिरका धरून, दोन मिनिटं घड्याळ लावून. रक्त किंचित कमी. जीभ सवयीनं त्या धारेकडं गेली, तिथं आता गुळगुळीत सिमेंट आहे. तरी पुन्हा पुन्हा जाते.

मघाशी दात घासताना सहज मनात आलं की गुरुवारी जरा गडबड आहे, पुढच्या आठवड्यात जाऊ. ब्रश तोंडातच ठेवून बाहेर आलो आणि डायरी उघडून बघितली.

गुरुवारी काहीही नाही.