मुंगीची राणी सापडली, तिला खायला काय द्यायचं?

मृगाचा पाऊस सुरू झाला की हा प्रश्न हमखास येतो: काल रात्री ट्यूबलाइटखाली भली मोठी पंखवाली मुंगी सापडली, डबीत ठेवली आहे, ती राणी आहे का आणि तिला खायला काय देऊ? तुम्ही विचारलंत म्हणून दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. काहीही देऊ नका.

पण ती राणीच आहे ना, हे आधी पाहू. पावसाळी रात्री दिव्यावर झेपावणाऱ्यांत वाळवीच जास्त असते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, मिशा सरळ आणि मण्यांच्या माळेसारख्या, आणि कंबर अशी नसतेच. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. मुंग्यांमध्ये पुन्हा नर असतात. त्यांचं डोकं इवलंसं, जबडे नावापुरते आणि पोट सडपातळ. नर थोड्याच दिवसांत मरतो, कितीही जपलात तरी.

खरी गल्लत होते ती पंख गळालेल्या राणीची आणि मोठ्या कामकरी मुंगळ्याची. आपल्याकडच्या काळ्या मुंगळ्यात, म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेससमध्ये, मोठी डोकेवाली कामकरी लांबीला राणीच्या जवळपास पोचते, म्हणून लांबीवर जाऊ नका. बाजूने छाती पाहा. कामकरीची छाती अरुंद आणि एकसंध असते. राणीची फुगीर, वेगवेगळ्या पट्ट्या जोडल्यासारखी, आणि दोन्ही बाजूंना पंख तुटल्याच्या खुणा. भिंग असेल तर कपाळावर तीन बारीक ठिपक्यांसारखे डोळे दिसतील. या मुंगळ्याच्या कामकरीला ते नसतात.

त्या फुगीर छातीतच तिची शिदोरी आहे. मिलनानंतर राणी पंख टाकते आणि पुन्हा कधीच उडत नाही. उडण्याचे ते स्नायू शरीरात विरघळतात आणि पोटातल्या चरबीसोबत पहिल्या अळ्यांना पोसायला कामी येतात. जमिनीत ती स्वतःला कोंडून घेऊन हेच करते. आपण मायेने घातलेल्या साखरेला बुरशी येते आणि दर वेळी डबी उघडल्याने राणी बिथरते. बिथरलेली राणी स्वतःची अंडी खाते. (लांब जबड्यांच्या शिकारी मुंग्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या बऱ्याच राण्या सुरुवातीलाही शिकारीला बाहेर पडतात, म्हणून त्यांना चार-पाच दिवसांनी एखादा मेलेला बारीक किडा लागतो.)

लागते ती एक परीक्षानळी, साधारण १६ मिमी रुंद आणि १५० मिमी लांब. एक तृतीयांश पाणी भरा. साधा, वास नसलेला कापूस घट्ट वळून पेन्सिलीने आत ढकला, पाण्याला टेकेपर्यंत आणि वरून थोडा ओला होईपर्यंत. पाणी आणि कापूस यांच्यामध्ये हवेचा मोठा बुडबुडा राहू देऊ नका. ऊन वाढलं की तो प्रसरण पावतो, पाणी कापसातून पुढे ढकलतो आणि राणी बुडते. नळ्या बिघडण्याचं हे नेहमीचं कारण. पुढे चार-पाच सेंटीमीटर जागा ठेवून राणी आत सोडा आणि तोंडाला सैलसर कापूस लावा, हवा खेळली पाहिजे. नळी आडवी, जाड कागदात गुंडाळून, २५ ते ३० अंशांच्या खोलीत, जिथे दार आपटत नाही आणि मुंग्या मारायचा खडू फिरवलेला नाही अशा ठिकाणी ठेवा. एका नळीत एकच राणी.

मग आठवड्यातून एकदा, अर्धा मिनिट, एवढंच पाहायचं. रोज पाहायचा मोह आवरणं हीच यातली अवघड गोष्ट आहे. पहिली अंडी काही दिवसांत, कधी दोन आठवड्यांनी दिसतात. मुंगळ्याच्या अळ्या पुढे फिकट पिवळसर कोष विणतात; अंड्यापासून कामकरीपर्यंत महिना ते दीड महिना जातो. पंख न टाकलेली राणी बहुधा मिलन न झालेली असते, तरी काही राण्या पंखांसकट वसाहत वसवतात, म्हणून महिनाभर थांबा. मिलन न झालेल्या राणीच्या अंड्यांतून फक्त नर निघतात.

कापूस काळा पडला किंवा पाणी संपत आलं तर तिला झटकून काढू नका. नवी नळी तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडा, नवी झाका, जुनी उजेडात ठेवा. दोन-चार दिवसांत ती अंड्यांसकट आपण होऊन सरकते.

पहिल्या कामकरी लहानखुऱ्या निघतात. जेवण आता सुरू करायचं: मोहरीच्या दाण्याएवढा साखरपाण्याचा थेंब प्लास्टिकच्या कपच्यावर, आणि मारलेल्या झुरळाचा पाय किंवा एखादा डास. फवारा मारून मेलेला किडा मात्र कधीच नको. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा.

सांभाळणं जमणार नसेल, तर जिथे सापडली तिथेच, संध्याकाळी, भुसभुशीत ओल्या मातीवर तिला सोडा. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी बंदिस्त ठेवलेली असताना २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. ठेवायचं की सोडायचं, हे पहिल्याच रात्री ठरवलेलं बरं.