तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सांगितलं

मला सिकलसेल आहे, रक्ताचा पिढीजात आजार; त्यातला एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात हे काही नवलाचं नाही, घराआड एखादा एएस, म्हणजे एकाकडूनच आलेला, नुसता वाहक, निघतोच. दिवस गेल्याचं कळलं तशी सिकलची रोजची गोळी, हायड्रॉक्सीयुरिया, बंद झाली, ती गरोदरपणात चालत नाही. चौथ्या महिन्यात, ऐन धानाच्या रोवणीत, मांड्या आणि कंबर अशी धरली की मी उशीत दात रुतवून पडून होते. दवाखान्यात ट्रॅमाडॉल लिहून दिलं, अफूच्या जातीची दुखण्याची गोळी, पाच दिवसांची. पाच दिवसांनी चिठ्ठी संपली, दुखणं नाही. मेडिकलवाला ओळखीचा होता. 2018 पासून ही गोळी अमली पदार्थांच्या कायद्यात आहे हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्याला तेव्हाच माहीत असणार. आधी दिवसाला दोन, नवव्या महिन्यात सहा. एक वेळ चुकली की घाम, जांभया, पायांत वळवळ. मला वाटायचं, सिकलचंच असेल.

जानेवारीत मुलगी झाली, 2 किलो 400 ग्रॅम. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या रात्री ती रडायला लागली, पण ते बाळाचं रडणं वाटेना. लोखंडी खाट फरशीवरून ओढावी तसा चिरका आवाज. हपापल्यागत दूध ओढायची आणि लगेच सोडायची. हनुवटी थरथरायची, शिंकांवर शिंका. एवढ्या थंडीत तिच्या कपाळावर घाम! सासूनं मीठ-मिरच्या ओवाळल्या. ड्यूटीवरच्या सिस्टरनं ‘गॅस आहे’ म्हटलं. सकाळी आम्हाला मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथल्या मॅडमनं विचारलं, गरोदरपणात कोणती दवाई घेतली? फॉलिकची. अजून? नाही. सासू शेजारी उभी, दुसरं काय सांगणार? मॅडमनं तिला दुपटी आणायला धाडलं, स्टूल ओढून बसल्या आणि पुन्हा विचारलं. “सांग ना वो. मी पोलीस नाही.”

“ट्रॅमाडॉल. सहा.”

त्या रागावल्या नाहीत. शेवटची गोळी कधी घेतली, एवढंच विचारून लिहून घेतलं. मग समजावलं: औषध वारेतून बाळाला पोचतं, नाळ कापली की एकदम तुटतं, आणि सवय झालेलं अंग बिथरतं. हे व्यसन नाही, सवय मोडतेय. साखर आणि जंतुसंसर्गाच्या तपासण्या तरीही केल्या, कारण थरथर त्यानंही होते. मी मनानंच गोळी बंद केली असती तर पोटातल्या बाळालाही त्रास झाला असता, हेही तेव्हाच कळलं. सांगायला हवं होतं, बस्.

दर तीन-चार तासांनी सिस्टर एका तक्त्यावर गुण मांडायची: रडणं, झोप, थरथर, शिंका, शी. सलग तीनदा आठ किंवा वर गेले तर मॉर्फिनचे थेंब. नवरा दचकला, “ज्यानं झालं तेच द्यायचं?” त्याच जातीचं, पण मोजून, आणि हळूहळू उतरवत. दोनदा आठ आले. तिसऱ्यांदा सहा. तोवर मी तिला उघड्या छातीशी बांधून, दिवा मालवून, थोडं थोडं पाजत बसले होते. पाजायचं की नाही यावर दोन डॉक्टरांची दोन मतं पडली. शेवटी माझी गोळी पायरीपायरीनं उतरवायची आणि पोर फार सुस्त होते का, श्वास कसा चालतो, ते बघत पाजायचं ठरलं. नवव्या दिवशी सुट्टी.

गावच्या आरोग्य केंद्रात पुन्हा तेच सांगणं. डॉक्टर म्हणाले, कार्डावर लिहितो. मी नको म्हटलं. ते कार्ड अंगणवाडीत जातं, चार जणी वाचतात. पण उद्या दुसरा डॉक्टर आला तर त्याला कसं कळणार? त्यांनी लिहिलं, ‘आईला सिकलच्या वेदना, त्यासाठी गरोदरपणात ट्रॅमाडॉल’. दुखणं आधी, गोळी मागून. मग मी गप्प बसले.

आशाताई 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी यायची, झोळीचा काटा घेऊन. चौदाव्या दिवशी 2 किलो 310, जन्मापेक्षाही कमी. अशी बाळं रडण्या-थरथरण्यातच ताकद घालवतात, म्हणून दर दोन तासांनी पाजा, असं डॉक्टर म्हणाले. पातळ शीनं ढुंगण सोलवटलं होतं, ते बरं व्हायला पंधरवडा गेला. एकविसाव्या दिवशी काटा 2 किलो 450 वर टेकला तेव्हा आशाताईनंच टाळी वाजवली. पुढे जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्रात कान आणि डोळे तपासले; अशा मुलांत तिरळेपणा निघू शकतो म्हणे. दोन एस्टी, अर्धा दिवस रांग, दोन्ही ठीक. सिकलची तपासणी एएस आली. नवरा एए आहे, म्हणजे त्याला सिकल नाही, म्हणून त्यापुढे गेली नाही.

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस. सासू सोबत होती. तिला मी आजवर काहीच सांगितलं नव्हतं. नवीन सिस्टरनं कार्ड उघडलं आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “हे ट्रॅमाडॉल काय लिवलं आहे?”

माझ्या तोंडून शब्द फुटेना. सासूनं पोरीची बाही वर केली.

“तिच्या मायच्या दुखण्याचं आहे ते. तुमी टोचा.”