या कपाटातून त्या कपाटात

पुस्तक सुचवणे हे वरवर पाहता निरुपद्रवी काम आहे आणि म्हणूनच आपण ते बेफिकिरीने करतो. "हल्ली काय वाचावं?" असे कोणी विचारले की आपण नुकत्याच संपवलेल्या पुस्तकाचे नाव सांगतो, त्याला "अप्रतिम", "एका बैठकीत संपवलं" किंवा "वाचायलाच हवं" यांपैकी एखादे प्रशस्तिपत्र जोडतो आणि मोकळे होतो. विचारणारा रात्री अंथरुणावर वाचतो की सकाळी लोकलमध्ये उभ्याने, त्याला नुकतेच काय आवडले आणि काय अर्धवट सोडावेसे वाटले, यातले काही आपण विचारत नाही. खोकल्याचे औषध देतानाही दुकानदार याहून अधिक चौकशी करतो.

शिफारस म्हटली की आपण ती साहित्यप्रकारानुसार करतो, ही माझी दुसरी तक्रार आहे. तिचा थोडा दोष वाचनालयांतील कपाटांकडे जातो. महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 मधले, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 मधले आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 मधले. अशा वाचनालयांत वाढलेल्या माणसाच्या मनात कपाटांवरच्या चिठ्ठ्या कायमच्या चिकटून बसतात: कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, प्रवासवर्णन, धार्मिक, संकीर्ण. पुस्तक शोधायला ही व्यवस्था उत्तम आहे. सुचवायला मात्र ती फारशी उपयोगाची नाही. चरित्रांच्या कपाटापुढे उभे असलेल्या माणसाला आपण आणखी एक चरित्र देतो, तो ते आनंदाने घेऊन जातो, आणि अशा रीतीने वर्षानुवर्षे त्याचे शेजारच्या कपाटाकडे लक्षच जात नाही.

विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हे या अन्यायाचे माझ्या मते सर्वांत ठळक उदाहरण. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी घरावरचे कर्ज फिटावे म्हणून 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले, कारण ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातल्या बायजाबाई मोठा यज्ञ करणार असून तिथे भरपूर दक्षिणा मिळेल असे त्यांच्या कानांवर आले होते. दक्षिणेसाठी निघालेला हा गृहस्थ बंडाच्या ऐन धामधुमीत सापडला आणि इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा शहरातच होता. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी ही हकिकत लिहून काढली आणि 1907 मध्ये ती छापली गेली. पुस्तक कुठे प्रवासवर्णनांत ठेवलेले असते, कुठे इतिहासात. परिणाम असा की रम्य स्थळांची वर्णने शोधणारा ते चाळून परत ठेवतो आणि इतिहासाचा अभ्यासक त्यातून तारखा व तपशील टिपून घेतो. ज्याला पळापळ, लपाछपी, लूट आणि पुढच्या वळणावर काय वाढून ठेवले आहे याची धाकधूक हवी असते, तो मात्र रहस्यकथांच्या कपाटापुढे उभा राहून ग्रंथपालबाईंना "नवीन काही आलंय का?" असे विचारत असतो. त्याच्या हातात हे पुस्तक द्यायला हवे, आणि देताना ते किती जुने किंवा किती महत्त्वाचे आहे याबद्दल अवाक्षरही काढू नये. "महत्त्वाचे" या शब्दाने जितके वाचक पळाले असतील तितके वाईट छपाईनेही पळाले नसतील.

एखाद्या पुस्तकाला त्याच्याशी भांडणारे पुस्तक जोडून देणे, ही शिफारशीची दुसरी तऱ्हा मला आवडते. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आणि इरावती कर्वे यांचे 'युगान्त' ही दोन्ही पुस्तके 1967 मधली. एक कादंबरी, दुसरे लेखांचे पुस्तक. दोन्हींचा उगम महाभारतात आणि दोन्हींत कर्ण आहे. कादंबरीतला कर्ण तेजस्वी, अन्यायग्रस्त आणि उदार आहे. कित्येक घरांत तो पोरवयातच वाचकाचा कायमचा नायक होऊन बसतो. इरावतीबाई मात्र मानववंशशास्त्रज्ञाच्या थंड नजरेने त्याच्याकडे पाहतात आणि त्याच्या औदार्यातला अतिरेक व त्याची स्वतःबद्दलची अस्वस्थता यांचा हिशेब मांडतात. केवळ कादंबरी वाचलेल्या माणसाला 'युगान्त' दिले तर तो आधी चिडतो. क्वचित पुस्तक न संपवताच परत करतो. माझ्या मते या चिडण्यात शिफारस यशस्वी झाल्याची खूण आहे. उलट दिशेनेही हा प्रयोग करून पाहावा: ललित वाङ्मयाला हलके मानणाऱ्या अभ्यासू वाचकाला 'मृत्युंजय' द्यावी आणि तो ती कोणाला न सांगता रात्री उशिरापर्यंत कसा वाचतो ते पाहावे.

वाचल्याचे न सांगण्याचा हा प्रकार आपल्याकडे जुनाच आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय आणि काळा पहाड ही त्यांच्या नायकांची नावे एका संपूर्ण पिढीला तोंडपाठ होती. तरीही त्या पिढीतील प्रतिष्ठित माणसाला आवडते लेखक विचारले की त्या यादीत अर्नाळकर सहसा नसत. माणूस वाचतो एक आणि सुचवतो भलतेच, यामागे लबाडी असते असे नव्हे. पुस्तक सुचवताना आपण स्वतःलाही थोडे सजवून समोर ठेवत असतो आणि ऐकणारा आपल्या आवडीवरून आपली इयत्ता ठरवील, अशी भीती मनात असते.

या भीतीवरचा एक नामी उपाय जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये लेखकाच्या बाजूने करून दाखवला. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपण नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव तयार केले होते आणि कथेला पहिले पारितोषिक मिळाले. शिफारस करतानाही लेखकाचे नाव आणि साहित्यप्रकार झाकून केवळ पुस्तकाबद्दल बोलता आले, तर किती पूर्वग्रह गळून पडतील! "एक बोट युरोपातून मुंबईला निघाली आहे, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत, आणि प्रेमावरचा विश्वास उडालेला एक मराठी तरुण त्याच बोटीने घरी परततो आहे," एवढेच सांगून मी विश्राम बेडेकरांची 'रणांगण' कित्येकांच्या गळ्यात मारली आहे. ही 1939 मधली कादंबरी आहे असे आधीच सांगितले असते तर त्यांतल्या निम्म्या लोकांनी तरी "सवडीने वाचतो" म्हटले असते, आणि ही सवड म्हणजे काय ते आपण सगळेच जाणतो.

मतप्रदर्शनाचा सर्वांत प्रामाणिक नमुना मात्र मला वाचनालयाच्या पुस्तकांतील समासांत आढळतो. पुस्तकावर लिहू नये, हे मान्य. तरीही कोणा अनोळखी वाचकाने पेन्सिलीने लिहिलेले "इथपर्यंत कंटाळा, पुढे बरे आहे" हे वाक्य वाचले की मी त्याचा मनोमन ऋणी होतो. त्यात विशेषण नाही, आव नाही. किती पाने धीर धरायचा याची रोकडी माहिती आहे. त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात "पुढेही कंटाळाच" असे लिहिलेले असले, तर समीक्षा पूर्ण झाली असे समजावे.

दीर्घकाळ चाललेल्या आणि उत्तम निभावलेल्या देवघेवीचे मराठीतले उदाहरण म्हणजे जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांचा पत्रव्यवहार. दोन्ही बाजूंची पत्रे पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत. धारवाडला एकांतात राहणारे जी. ए. पत्रांतून मात्र मनमोकळे बोलतात आणि वाचलेल्या पुस्तकांबद्दल भरभरून लिहितात. तिथे पुस्तकाचे केवळ नाव येत नाही. ते वाचताना आत काय हलले हेही येते आणि समोरच्या व्यक्तीचे मत वेगळे असू शकते याची जाणीवही राहते. आपल्या "नक्की वाचा"मध्ये नेमकी हीच जागा रिकामी असते.

मतभेदांवरून आठवले. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी 1963 मध्ये आली आणि तेव्हापासून ती ज्याला द्यावी त्याच्याबद्दल काहीतरी नवीन कळत आले आहे. कोणी तिच्या नायकाला, पांडुरंग सांगवीकरला, सख्खा भाऊ मानतो, तर कोणी "या मुलाला कामाला लावा" म्हणून पुस्तक मिटतो. आवडले नाही एवढ्यावरून मी कोणाला अरसिक समजत नाही. "का आवडलं नाही?" या प्रश्नाला जो नीट उत्तर देतो, त्याला पुढचे पुस्तक सुचवणे सोपे जाते. "छान होतं" एवढेच म्हणून पुस्तक परत करणाऱ्या माणसापुढे मात्र मी हतबल असतो.

सध्या माझी भाची मला हा धडा उलटा शिकवते आहे. ती भयकथांखेरीज काही वाचत नाही. नारायण धारप तिने संपवत आणले आहेत. मी तिला 'माझा प्रवास' सुचवला तेव्हा तिने अट घातली की आधी मी तिच्या जपानी चित्रकथेचा पहिला भाग वाचावा. ते पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचत जायचे असते, त्यामुळे पहिली संध्याकाळ मी शेवटापासून सुरुवात केली आहे की सुरुवातीपासून, हे ठरवण्यातच गेली. आता मी दुसऱ्या भागात आहे आणि त्यातील घुबडाच्या चेहऱ्याच्या माणसाबद्दल माझी स्वतंत्र मते तयार झाली आहेत; ती ऐकण्यात भाचीला रस नाही. ती झाशीपर्यंत पोहोचली आहे. काल मी उत्साहाने वेढ्याबद्दल बोलू लागलो, तर तिने मला मध्येच अडवले. "मामा, पुढचं सांगू नकोस. भटजी जिवंत राहतात की नाही ते मला वाचू दे."

पुस्तक भटजींनी स्वतःच लिहिले आहे, हे मी तिला अजून सांगितलेले नाही.