हे कोणाकडून आलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "घरात आधी कोणाला होतं का? कोणाकडून आलं हे?" लग्नकार्यात भेटणाऱ्या मावश्या प्रश्न मला विचारतात आणि बघतात मात्र आईकडे.

कोणाकडूनही नाही. ओआय, म्हणजे ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, हाडं ठिसूळ असण्याचा जन्मजात आजार. कोलाजेन, म्हणजे हाडांना बळकटी देणारं प्रथिन, बनवणाऱ्या माझ्या एका जनुकात बिघाड आहे. आईबाबांच्या तपासणीत तो सापडला नाही. हाड म्हणजे स्लॅब धरा, सिमेंट आहे, सळयाच कच्च्या. म्हणून दूध, नाचणी, डिंकाचे लाडू खाऊनही हाडं मोडत राहिली, वाकली, आणि उंची चार फुटांच्या आसपास थांबली. डोळ्याचं पांढरं आवरणही याच कोलाजेनचं. ते पातळ राहिलं की आतला गडद थर झिरपल्यासारखा दिसतो आणि पांढऱ्याच्या जागी निळसर राखाडी दिसतं. बुबुळं माझी काळीच आहेत. लेन्स नाहीत.

आणि ग्रहण? पाळलं होतं हो आईने. दिवसभर दार लावून बसली होती.

सात वर्षांची असेन. मोरीच्या उंबऱ्याला अडखळले आणि हात मोडला. रात्रीची वेळ, अनोळखी दवाखाना. डॉक्टरांनी एक्स-रे लाइटवर धरला, तर त्यात जुनी, वेगवेगळ्या वेळी मोडून जुळलेली हाडंही दिसली. त्यांनी आईबाबांना पडद्याबाहेर काढलं आणि वाकून विचारलं, "घरी कोण मारतं? बाबा?" मी गप्प राहिले. चुकीचं बोललं तर इंजेक्शन देतील, एवढंच डोक्यात होतं. पडद्याखालून बाबांच्या चपला दिसत होत्या. प्रश्न त्यांनी ऐकला असणार, कारण चपला दोन पावलं मागे सरकल्या. मग हवालदार आला. बाबांना बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं. हाताला प्लास्टर झालं, घरी आलो. रिक्षातून मला उतरवायला बाबांनी काकांना हाक मारली. त्यानंतर त्यांनी मला कधीच उचललं नाही.

मुलांना मारणारे आईबाप असतात. डॉक्टरांनी विचारायलाच हवं, हे मला पटतं. पण माझ्या डोळ्यांकडे एकदा नीट बघायला हवं होतं. पुढे ज्या डॉक्टरांनी ओआय ओळखलं, त्यांनी एक्स-रेच्या आधी मला खिडकीशी नेऊन डोळेच पाहिले होते.

कॉलेजात असताना मी ठणकावून सांगायचे, यात कोणाचाच दोष नाही, विषय संपला. तेव्हा ते सोपं होतं. आता लग्न झालंय. हा बिघाड माझ्या मुलात उतरण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी आहे. म्हणजे त्याला कोणी विचारलं, कोणाकडून आलं, तर उत्तर असेल. मी.

तरीही दोष माझा नाही, असंच म्हणेन. बिघाड नेमका माहीत असला की गर्भाची तपासणी करता येते. करून काय ठरवायचं? माझ्यासारखी मुलगी नको, असं? हा विचार आला की राग येतो. आणि प्लास्टरच्या आतली खाज, उन्हाळ्यातली, आठवली की वाटतं, नकोच. दोन्ही मलाच वाटतं, एकाच दिवसात. नवरा म्हणतो, होऊ दे, बघू आपण. मोडलेल्या हाडाने रात्रभर रडणारं लेकरू त्याने पाहिलेलं नाही, माझ्या आईने पाहिलंय. तिला मी अजून विचारलेलं नाही.