लाकूड ठाण्यात गेलंय

आमच्या घरात बंदूक आहे हे मला बरीच वर्षं नीट कळलंच नव्हतं, कारण तो शब्दच कुणी उच्चारत नसे. तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, तिला 'बारा बोर' म्हणत. आज्जी म्हणे 'लाकूड'. "ते लाकूड आतल्या खोलीत ठेव रे, लेकरं हिंडायलीत." रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, जनावर म्हणायचं, तसलाच प्रकार.

गावात बंदूक म्हणतात ते ज्यांच्याकडे ती नाही ते. दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवायची असते ती बंदूक. आणि लग्नाचा बार उडवून देणाऱ्यांपैकी किती जणांनी खरा बार काढलाय?

परवाना आजोबांच्या काळचा, पीकराखणीचा. रानडुकरं नि रोही पळवायला हवेत एखादा बार, एवढंच तिचं काम. दिवाळीआधी तात्या ओसरीवर पोतं अंथरून ती साफ करायला बसत. दुनळी मधून वाकवायची, गजाला तेलाची चिंधी गुंडाळून नळीतून फिरवायची, मग एक डोळा मिटून नळीतून उजेड बघायचा. तेव्हा शब्द कानावर पडत: दस्ता, घोडा, चाप. दस्ता म्हणजे मागचा लाकडी भाग, घोडा म्हणजे काडतुसावर आपटणारा खटका, आणि चाप बोटाने ओढायचा. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. धनुष्य गेलं, ओढणं राहिलं.

'बारा' कशाचे, हे मी तात्यांना विचारलं तेव्हा उत्तर आज्जीच्या परातीत सापडलं. ती जवारीचं पीठ मळून उंडे करत होती. तात्या म्हणाले, "एक पौंड शिसं घे. त्याचे सारखे बारा उंडे कर. त्यातला एक उंडा ज्या नळीत नेमका बसंल, ती बारा बोर." पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम, तेव्हा एक उंडा अडतीसेक ग्रॅमचा आणि नळीचं तोंड साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. मग वीस बोर मोठी असणार, मी म्हणालो. आज्जी हसली. "तेवढ्याच पिठाच्या वीस भाकरी केल्यास तर भाकर मोठी व्हती का लहान?" बंदूक या शब्दाच्या मुळाशीही म्हणे असाच गोल दाणा आहे, अरबीत बुंदुक म्हणजे हेझलनट.

धाकट्या चुलतभावाचा हिशेब उलटा. त्याचं 'बत्तीस' आहे. हे इंचातले: ०.३२ इंच, म्हणजे आठ मिलिमीटर. इथे आकडा वाढला की तोंड वाढतं. तोही बंदूक म्हणत नाही, 'वस्तू' म्हणतो. "वस्तू गाडीत हाय," असं हळूच सांगतो, आणि ते पाच जणांना ऐकू जाईल याचीही काळजी घेतो. काकू एकदा त्याला पिस्तूल म्हणाल्या तर केवढा चिडला. "पिस्तूल नव्हं काकू, रिव्हॉल्वर! ह्याला फिरती चक्री असती. पिस्तुलाला मुठीत मॅगझिन असतंय." काकूंना मॅगझिन म्हणजे दिवाळी अंक. तसं दोन्हींचं मूळ अरबी कोठारच. मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून आता तो 'एआर-१५' या रायफलीतलं 'एआर' म्हणजे असॉल्ट रायफल नव्हे, आर्मालाइट कंपनीचं नाव, हेही येईल त्याला ऐकवतो. शेजारी म्हशीचं दूध काढायला आलेल्या गड्यालासुद्धा.

आमचं गाव परंड्याजवळ. तिथल्या किल्ल्यावर एके काळी मुलूख मैदान तोफ होती; १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, आता विजापुरात आहे. देवगिरीवरची तोफ तर मेंढा. तोफांना अशी बारशाची नावं, आमच्या दुनळीला परवान्यावर नुसता एक नंबर.

निवडणूक लागली की ठाण्यातून निरोप येतो, निकालापर्यंत हत्यार जमा करा. तात्या तिला जुन्या धोतरात गुंडाळतात, मोटरसायकलवर मागे मला बसवतात आणि गठडं माझ्या मांडीवर देतात. ठाण्यातला हवालदार वहीत 'अग्निशस्त्र' लिहितो. एवढा भारदस्त शब्द ऐकून तात्या दरवेळी त्या गठड्याकडे नव्याने बघतात.

मागच्या खेपेला निकाल लागून पंधरा दिवस झाले तरी आमचं यायचंच होतं. आज्जी आता नव्वदीला टेकली आहे, तिला ऐकू कमी येतं. खाटेवरून तिने विचारलं, "आलं का रे लाकूड?" तात्या मोठ्याने म्हणाले, "न्हाई अजून." त्यावर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे तिथंच. कोपरा रिकामा झालाय, जवारीचं पोतं ठिवा."