दुसरीतली पोरगी आणि मराठी वाचन: जून ते दिवाळी

जूनमध्ये गाडी कुठे होती ते आधी सांगते. पोरगी दुसरीत, इंग्लिश मीडियम, शाळेत मराठी आहे पण गिरवणं आणि प्रश्नोत्तरं पाठ करणं एवढंच, त्यामुळे अक्षरं सगळी यायची पण वाचायला दिलं की ‘स... र... ब... त’ असं सुटं सुटं म्हणून माझ्या तोंडाकडे बघत बसायची. शब्द काही लागायचा नाही. आणि लागणार कसा, आपण लिहितो सरबत आणि बोलतो सर्बत, मधला अ गिळून टाकतो, तो शब्द आधी कानावरून शंभरदा गेलेला असेल तरच डोळ्याला जुळतो. म्हणून मी सरळ खाली उतरले. वयाला शोभणारी पुस्तकं बाजूला, जिथे पानावरचे जवळपास सगळे शब्द तिच्या बोलण्यातले आहेत तीच घ्यायची.

यासाठी प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची साइट बेस्ट आहे, फुकट आहे, मराठी गोष्टी भरपूर, आणि चार लेव्हल. लेव्हल वन म्हणजे २५० शब्दांच्या आतली गोष्ट. दुसरीत आहे म्हणून लेव्हल टू उघडायचा मोह होतो, होऊ देत, उघडू नका.

एक गोष्ट आठवडाभर. रोज तीच. सॅम्युअल्स नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९७९ मध्ये हे मांडलंय, ५० ते २०० शब्दांचा छोटा उतारा घ्यायचा आणि सफाई येईपर्यंत तोच पुन्हा पुन्हा वाचायचा, मग पुढचा. सोमवारी अडखळत, गुरुवारी पात्रांचे आवाज काढून वाचायला लागली. आजीचं म्हणणं, ‘अगं तिला पाठ झालंय ते, वाचतेय कुठे!’ शंका रास्त होती. मग मी त्याच गोष्टीतले शब्द उलटेसुलटे करून कागदावर नवीन येडपट वाक्यं लिहून द्यायला लागले. तीही वाचली, हसत हसत. आता ती वाक्यं आजीच बनवते आणि माझ्यापेक्षा भारी बनवते.

जोडाक्षरांत मला वाटलं क्ष आणि ज्ञ त्रास देतील. छे! ते वेगळे दिसतात म्हणून उलट पटकन बसले. खरा वैताग म्हणजे र. चक्रातला तिरका, ट्रकमधला पायाखालचा, सूर्यातला डोक्यावरचा, वाऱ्यावर मधला आडवा, एकाच अक्षराची ही सोंगं. त्यात रफार तर कहर, बोलायचा आधी आणि दिसतो नंतर. ‘गर्दी’ बघा, र् म्हणायचा द च्या आधी पण रफार जाऊन बसलाय पार वेलांटीच्या टोकावर, म्हणजे डोळा पुढे जाऊन मागे यायला हवा. नियम सांगून उपयोग शून्य झाला. चारही एकदम शिकवणं बंद केलं, फक्त रफारवालेच शब्द घेतले, गर्दी, कुर्ता, बर्फी असे, आणि रफारवर पेन्सिलीने गोल. गोल दिसला की ‘थांब, आधी र्’. गणपतीपर्यंत गोल लागेनासे झाले.

आम्ही ठाण्याचे, त्यामुळे फुकटचा सराव म्हणजे स्टेशनवरचा इंडिकेटर. मराठीतून हिंदी, हिंदीतून इंग्लिश असा बदलत राहतो, तो बदलायच्या आत वाचायचं हा खेळ तिनेच काढला. कल्याणमध्ये अर्धा ल, कर्जतमध्ये रफार, डोंबिवलीत अनुस्वार आणि पहिली वेलांटी, बाराखडीच्या तक्त्यापेक्षा जास्त माल आहे तिथे. कसारा म्हणे बोअरिंग, सोप्पं आहे.

माझ्या बाजूने नियम एकच, अडली की मनात पाच अंक मोजायचे, तोवर नाही जमलं तर शब्द सांगून टाकायचा आणि पुढे. फोड करून घ्यायला बसलं की गोष्टीची पार वाट लागते. आणि चूक वाचली पण अर्थ तोच राहिला, म्हणजे ‘म्हणाली’च्या जागी ‘बोलली’, तर मी तोंड उघडत नाही. यावर घरात दोन मतं आहेत, बाबाला ते चालत नाही.

दिवाळीनंतरची स्थिती: लेव्हल वन न अडखळता, लेव्हल टू थांबत थांबत. च चा घोळ अजून आहे, ‘चार’ आणि ‘चारा’तला च एकाच उच्चाराने वाचते, पण अर्थ कळला की स्वतःच सुधारते त्यामुळे मी ते सोडून दिलंय. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या साइटवर फुकट आहेत, तिथल्या कथा अजून झेपत नाहीत, पण विनोद आणि कोडी झेपतात. दोन ओळींचा विनोद वाचायचा आणि तो आजीला सांगायचा, सध्या एवढंच चालू आहे. सांगायचा असतो म्हणून ती आधी मनातल्या मनात वाचून बघते, ओठ हलतात अजून, पण आवाज नाही. लेव्हल टू मार्चपर्यंत पुरवायची, घाई नाही.