आजींचा पगार कुठं गेला?

निराधारच्या पैशाला आमच्याकडं 'पगार'च म्हणतात. 2025 च्या जूनमध्ये, बाजाराच्या दिवशी, एक आजी पासबुक घेऊन माझ्याकडं आल्या. मी बँक मित्र, म्हणजे बँकेच्या वतीनं गावात पैसे देणारा. वय 71, श्रावणबाळ योजनेचे महिना 1500, आणि सात महिने एंट्रीच नाही. तहसीलमध्ये सांगितलं, 'पैसे गेलेत, स्टेटस सक्सेस आहे.' बँकेत सांगितलं, 'आधार लिंक आहे'. पासबुकावर तसा शिक्काही होता. दोघंही खरंच बोलत होते. असली प्रकरणंच जास्त रेंगाळतात.

बँक मित्राचं काम म्हणजे अंगठा घ्यायचा आणि नोटा मोजायच्या, असं लोकांना वाटतं. खरं तर अर्धा दिवस 'लिंक' या एका शब्दापायी जातो. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार सांभाळणारी देशपातळीवरची संस्था) मॅपरवर, म्हणजे कुणाच्या आधारचा पैसा कुठल्या बँकेत पाठवायचा त्या यादीवर, त्या बँकेचं नाव असणं वेगळं. आधार चार बँकांत जोडता येतं, मॅपरवर बँक एकच. शेवटी जिथं संमती दिली ती. डीबीटीचा, म्हणजे सरकार आधारवरून थेट पाठवतं तो पैसा तिकडंच जातो, पासबुकावरचा खाते क्रमांक कुणी विचारत नाही. हा पगार डिसेंबर 2024 पासून डीबीटीवर आला. त्याआधी तो खाते क्रमांकावर जमा व्हायचा, त्यामुळं मॅपर चुकीचा असला तरी कुणाचं अडत नव्हतं.

मॅपरवर कोणती बँक आहे ते 'माय आधार'च्या साइटवर, 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये दिसतं. पण लॉगिनचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, आणि तो नंबर भोसरीत कामाला असलेल्या मुलाचा. त्याची जेवणाची सुट्टी होईपर्यंत थांबलो. ओटीपी टाकला तर स्क्रीनवर भलतीच बँक, तीही पेमेंट्स बँक. आजी म्हणाल्या, "मी कुठं काढलं रं बाबा खातं?"

काढलं होतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये, लाडकी बहीणच्या शिबिरातल्या गर्दीत. सुनेबरोबर त्याही रांगेत बसल्या होत्या. योजना 65 पर्यंतच्या बायकांसाठी, तेव्हा अर्ज बाद होणारच होता. खातं मात्र उघडलं, आणि उघडताना आधार सीडिंगच्या, म्हणजे मॅपरवर हीच बँक नोंदवायच्या संमतीवर टिक झाली.

पैसे बुडाले नव्हते. आधारवरून पैसे काढताना मशीनवर बँक आपण निवडतो, तिथं मॅपरचा संबंध नसतो. पेमेंट्स बँक निवडली आणि अंगठा घेतला. एरर 300, ठसा जुळत नाही. खुरपून खुरपून अंगठा गुळगुळीत झालेला. अशा वेळी पुन्हा पुन्हा अंगठाच दाबत बसू नये. ओल्या फडक्यानं बोटं पुसून, कोरडी करून, अनामिका आडवी न ठेवता सपाट टेकवायची. तिसऱ्या खेपेला शिल्लक दिसली: 10,500. एका वेळची मर्यादा 10,000. ते दिले, पावती काढून दिली.

खरा वेळ गेला तो मॅपर फिरवण्यात. संमतीच्या फॉर्मवर 'नवीन सीडिंग' आणि 'दुसऱ्या बँकेतून बदल' असे वेगळे रकाने असतात. शाखेतल्या बाबूंनी पहिल्यावर खूण केली, अर्ज परत आला. बदलाच्या रकान्यात आधीच्या बँकेचं नाव लिहावं लागतं. ते आजींना माहीत नव्हतं, आणि समोर 71 वर्षांची बाई उभी असताना बाबूंनीही विचारलं नाही. मी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं, तेव्हा चार दिवसांनी मॅपरवर जुनी बँक आली.

उरलेले 500 न्यायला आजी दुसऱ्या दिवशी आल्या, तेव्हा मी शिबिराचं विचारलं. शाळेच्या व्हरांड्यात तीन मशीन मांडली होती, हे मला त्यांच्याआधी ठाऊक होतं. त्यातलं एक माझं होतं. संमतीचा तो रकाना आम्ही कुणालाच वाचून दाखवत नव्हतो. रांग गेटाबाहेर गेलेली. आजींना विचारलं, कुठल्या मशीनवर बसला होता? त्या म्हणाल्या, "सगळी सारखीच होती की."